मुंगीने निवडलेली पट्टी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि असे समजा, की तुमच्यासमोर एक जुने टेबल आहे. टेबलावर लोखंडाच्या पाच पट्ट्या ओळीने मांडल्या आहेत. शेजारी एक रिकामी लाकडी पेटी आहे, झाकण घट्ट चिकटलेली. तुमचे वय दहा वर्षे. डाव्या हाताला तुमच्या वडिलांचे वडील उभे आहेत, उजव्या हाताला आईची आई. दोघेही तुमच्याकडेच बघताहेत आणि एकमेकांकडे अजिबात बघत नाहीत. या पाचांतली एक पट्टी तुम्हाला उचलायची आहे. कोणती उचलाल?

उघडा डोळे. तुम्ही सुटलात. मुंगी मात्र सुटली नव्हती, ती अजून टेबलापाशीच उभी होती.

शाळेच्या पटावर तिचे नाव वेगळे होते. पण ती रिकाम्या हाताने कुठे जातच नसे, काही ना काही उचलून इकडचे तिकडे न्यायचीच, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणत. त्या रविवारी तिला मधमाश्यांची स्वतःची पेटी मिळायची होती, आणि त्याआधी पेटी उघडायचे हत्यार निवडायचे होते.

हे हत्यार म्हणजे वीतभर लांबीची एक चपटी पट्टी. माश्यांना घरात फट चालत नाही. झाडांचा चीक आणून त्या प्रत्येक फट डिंकासारखी बुजवून टाकतात. मग झाकण पेटीला चिकटते, आतल्या पोळ्याच्या चौकटी एकमेकींना चिकटतात. पट्टीचे टोक फटीत घालायचे आणि हलकेच पिळायचे, की डिंक कट्‌ करून सुटतो. मधपाळाच्या हातात दिवसभर हीच असते, म्हणून ती हाताला पटावी लागते.

मुंगीच्या आईच्या आईने, म्हणजे आजोबांच्या विहीणबाईंनी, तीस वर्षे एका बागेत चाळीस पेट्या सांभाळल्या होत्या. तिथे त्यांचा एक नियम होता. नवशिक्याच्या हातात कुणी पट्टी द्यायची नाही. डिंकाने चिकटलेली एक मेलेली, म्हणजे माश्या न उरलेली, पेटी समोर ठेवायची, चार पट्ट्या मांडायच्या, आणि सगळ्या पट्ट्यांनी पेटी उघडून बघून ज्याने-त्याने आपली आपण उचलायची. मोठ्यांनी तोंडाला कुलूप लावायचे.

त्या दिवशीही विहीणबाईंनी आपल्या घरी चारच मांडल्या होत्या. दुकानातली पिवळ्या रंगाची, टोकाला आकडा असलेली एक. एक लांब आणि जड. एक साधा स्क्रूड्रायव्हर, कारण बहुतेक लोक आधी त्यानेच काम भागवतात आणि पेटीचे कोपरे फोडून ठेवतात. आणि चौथी त्यांनी स्वतः ट्रकच्या चाकांवरच्या कमानीच्या पोलादी पाट्यातून कापून घेतलेली, काळी, खडबडीत, जुन्या चुलीतल्या सांडशीसारखी दिसणारी.

पाचवी आजोबांनी खिशातून काढली, फडके सोडले आणि ओळीच्या शेवटी ठेवली. ती आरशासारखी चकाकत होती.

"ही पण असू दे," ते म्हणाले.

विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिले आणि नियमाप्रमाणे तोंड बंद ठेवले.

आजोबांबद्दल सांगितल्याशिवाय त्या पट्टीचे महत्त्व कळायचे नाही. एका छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली. छापायचे काम त्यांचे नव्हे, कापायच्या यंत्राची पाती परजायचे. पाचशे कागदांचा गठ्ठा यंत्राखाली ठेवावा, दांडा ओढावा आणि कडा लोण्यासारखी गुळगुळीत यावी, ही सगळी त्यांच्या धारेची करामत. पुस्तकावर लिहिणाऱ्याचे नाव येते, छापणाऱ्याचे येते. धार लावणाऱ्याचे येत नाही. त्याचे आजोबांना वाईट वाटत नसे. पण वाचनालयात गेले, की ते पुस्तक उघडायच्या आधी कडेवरून अंगठा फिरवायचे आणि 'आपली' किंवा 'परकी' असे पुटपुटायचे. मुंगीची आजी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "सगळे लोक पुस्तक मधून वाचतात, हे कडेने वाचतात."

निवृत्त झाल्यावर त्यांनी मधमाश्यांच्या दोन पेट्या घेतल्या. शिकवणारे कुणी नव्हते. एक पुस्तक आणणे, चावून घेणे, पुन्हा पुस्तक उघडणे, असे करत ते शिकले. मुंगी तेव्हा चार वर्षांची. जाळीची टोपी डोक्यावर घालून ती त्यांच्यामागे फिरू लागली, आणि पुढची सहा वर्षे तिच्या लेखी जगात माश्यांचे कळणारा एकच माणूस होता.

मग विहीणबाई, म्हणजे मुंगीची माईआजी, बाग सोडून दोन गल्ल्या पलीकडे राहायला आल्या. येताना चार पेट्या घेऊन आल्या. त्या उघड्या हातांनी चौकटी उचलत आणि माश्या त्यांना चावत नसत. मुंगी पहिल्यांदा तिथून घरी आली ती एकच वाक्य घेऊन. "आजोबा, माईआजी हातमोजे घालतच नाही."

त्या दिवशी आजोबांनीही हातमोजे न घालता पेटी उघडली. सात ठिकाणी चावून घेतले.

तेव्हापासून त्यांच्या पोटात जे दुखायला लागले, ते काही थांबेना. मुंगी शाळेतून सरळ दोन गल्ल्या पलीकडे जाई. जेवताना 'माईआजी म्हणते' ने वाक्य सुरू होई. आजोबांनी सहा वर्षांपूर्वी शिकवलेली गोष्टही ती आता माईआजीच्या नावाने सांगे, आणि आजोबा घास चघळत राहत. आजी सगळे बघत होती. एकदा म्हणाली, "माश्या चावल्या तर चुना लावते. विहीणबाई चावतात त्याला काय लावू?"

म्हणून त्यांनी ती पट्टी केली होती. छापखान्यातून निघताना मिळालेले एक झिजलेले पाते त्यांनी जपून ठेवले होते. दोन महिने खपून त्यांनी ते कापले, घासले, मुंगीच्या मुठीत मावेल असे केले. आणि त्याला धार लावली. धार लावायची का, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. पात्याला धार नाही तर ते पाते कसले?

आता पुन्हा टेबलापाशी चला.

मुंगीने पिवळी पट्टी उचलली. आकडा फटीत अडकला. जड पट्टीने तिचे मनगट कलंडले. स्क्रूड्रायव्हर तिने उचलला आणि स्वतःच हसून खाली ठेवला. मग काळी पट्टी. ती फटीत सहज जाईना. मुंगीला दोनदा ढकलावी लागली, मग पिळल्यावर डिंक सुटला आणि झाकण वर आले. तिने झाकण पुन्हा दाबून बसवले.

शेवटी आजोबांची पट्टी. ती फटीत गेली ती लोण्यात गेल्यासारखी. झाकण लगेच सुटले. आजोबांनी खांदे सैल सोडले. पेटीच्या कडेवरून लाकडाची एक पातळ, कुरळी सोलपटी निघून टेबलावर पडली.

विहीणबाईंनी ती सोलपटी उचलली, उजेडात धरली आणि मुंगीच्या पुढे ठेवली. नियम मोडला नाही. एक शब्दही बोलल्या नाहीत. पण न बोलताही पुष्कळ बोलता येते, हे तुम्ही घरी पाहिलेच असेल.

मुंगीने सोलपटीकडे पाहिले, पेटीच्या कडेला पडलेल्या नव्या फटीत नख घालून पाहिले. बराच वेळ ती काही उचलेना. मग तिने काळी पट्टी उचलली आणि आजोबांकडे न बघता पिशवीत टाकली.

"छान," आजोबा म्हणाले. आपली पट्टी त्यांनी फडक्यात गुंडाळली. गाठ बसेना, म्हणून तशीच खिशात घातली.

निघताना विहीणबाई त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या. "धार मात्र सुरेख आहे हं, व्याहीबुवा. माझ्या सुरीला लावून द्याल एकदा?"

त्या मनापासून बोलल्या की टोचून, हे आजोबांना घरी पोचेपर्यंत ठरवता आले नाही. आजीने ठरवून दिले. "अहो, सुरीला धार नसेल त्यांच्या. सगळ्यातच काय शोधता?" पण त्यांना ते पटले नाही. रस्ताभर त्यांनी मनात एक वाईट इच्छा धरली होती. एक, फक्त एक माशी त्या बाईला चावावी, आणि ती मुंगीसमोर चावावी. एवढ्या वयाच्या माणसाने असे मनात आणावे का? आणू नये. पण हेवा वय विचारून येत नाही.

रविवारी सकाळी मुंगीची पेटी आजोबांच्याच अंगणात, मागच्या भिंतीशी ठेवलेली होती. विहीणबाईंनी महिनाभर आधीच आपल्या एका पेटीतून अर्ध्या माश्या आणि राणी काढून ती भरून ठेवली होती. पेटीत एकच राणी असते आणि अंडी घालते ती तीच. राणी गेली तर पेटी हळूहळू रिकामी होते, म्हणून पेटी उघडताना सगळा जीव राणीत ठेवायचा असतो.

विहीणबाई पालथ्या बादलीवर बसल्या, हात मांडीवर ठेवून. आजोबा भिंतीला टेकून उभे राहिले. माश्या शांत व्हाव्यात म्हणून मुंगीने धुराडे, म्हणजे भाता लावलेला धुराचा डबा, दाबून पेटीच्या दाराशी थोडा धूर दिला, झाकण सोडवले, पहिली चौकट उचलली, दुसरी उचलली. तिचे हात सावकाश चालले होते. विहीणबाईंची नजर तिच्या हातांवर होती आणि आजोबांची विहीणबाईंवर.

तिसरी चौकट निघेना. माश्यांनी ती दोन्ही बाजूंनी पक्की डिंकवली होती. मुंगीने काळी पट्टी एकदा घातली, पुन्हा घातली.

"घाई नाही," विहीणबाई म्हणाल्या. "पेटी कुठं पळून जात नाही."

ते वाक्य आजोबांचे होते. सहा वर्षे ते मुंगीला हेच सांगत आले होते, याच शब्दांत. विहीणबाईंना ते माहीत असण्याचे कारण नव्हते. सगळे मधपाळ हेच म्हणतात. पण आजोबांना वाटले, आपल्या खिशात कुणी हात घातला.

"थांब, मी दाखवतो," ते पुढे झाले. खिशातली पट्टी हातात आली होती. मुंगी काही म्हणायच्या आत त्यांनी ती चौकटीच्या कानाखाली घातली आणि पिळली. चौकटीचे कान म्हणजे ज्यांच्यावर चौकट पेटीत लटकते ती लाकडाची टोके. धार लावायच्या चाकावर परजलेले पोलाद डिंकात थांबले नाही. त्याने तो कानच कापून टाकला.

चौकट एका बाजूने खाली घसरली आणि शेजारच्या चौकटीवर आपटली. माश्या चिरडल्याचा बारीक आवाज आला. आणि मग पेटीतून एक ढग उठला. आजोबा ओणवे होऊन, धापा टाकत, तोंड थेट पेटीवर धरून उभे होते. माश्यांना माणसाचा श्वास सोसत नाही, आणि त्यातून तो रागाचा असला तर बघायलाच नको. जाळीच्या कडेतून एक आत शिरली आणि त्यांच्या पापणीला डसली.

"आजोबा, मागे व्हा," मुंगी म्हणाली.

ती ओरडली नाही. पाणी द्या, दार लावा, असे आपण म्हणतो तसे म्हणाली. आजोबा मागे झाले. आणखी मागे झाले. पाठ भिंतीला लागली तेव्हा थांबले.

विहीणबाई उठल्या. दोघींनी मिळून पडलेली चौकट दोन्ही हातांवर तोलून वर घेतली, तात्पुरती तारेने बांधून बसवली, झाकण लावले. तळाशी किती माश्या मेल्या होत्या ते मुंगीने मोजले नाही. ती एकच गोष्ट शोधत होती, लांब पोटाची राणी, आणि ती तिला दिसली नाही. जिवंत दिसली नाही, मेलेलीही दिसली नाही.

विहीणबाईंनी सांगितले, की आता चार दिवस पेटीला हात लावायचा नाही. ताजे अंडे पोळ्याच्या घरात उभे असते, मग आडवे होत होत तीन दिवसांत फुटते आणि त्यातून अळी निघते. म्हणून चार दिवसांनी पोळ्यात एखादे जरी अंडे दिसले, तरी ते रविवारनंतर घातलेले, म्हणजे राणी आहे. एकही नसेल, तर नाही.

ते चार दिवस कसे गेले ते आजोबांना विचारा. डोळा सुजून मिटला होता. घरात कुणी त्यांना एका शब्दाने बोलले नाही, आणि तेच त्यांना सोसवेना. सूनबाईंनी, मुंगीच्या आईने, ताटात नेहमीपेक्षा जास्तच वाढले. मुंगी सकाळी दार उघडून अंगणात जाई, पेटीजवळ उभी राही आणि त्यांच्या खुर्चीपुढून तशीच शाळेत जाई.

दुसऱ्या दिवशी ते आजीला म्हणाले, "मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम नाहीच केलंत," आजी म्हणाली. मग त्यांच्या डोळ्यावरची ओली पट्टी बदलता बदलता म्हणाली, "पण मनात होतं."

पुस्तकात त्यांनी वाचले होते, की राणी नसलेल्या पेटीतल्या माश्या पराग फारसा आणत नाहीत. पिलेच नसतील तर खाऊ कुणाला घालायचा? म्हणून तिसऱ्या दिवशी, मुंगी शाळेत गेल्यावर, ते स्टूल घेऊन पेटीपासून दहा पावलांवर बसले आणि एका डोळ्याने माश्यांचे पाय बघू लागले. एक रिकामी आली. दुसरी रिकामी. नववीच्या पायांना दोन पिवळे गोळे होते. त्यांनी बोट दुमडले. तासाभरात दोन्ही हातांची बोटे संपली.

मागे विहीणबाई उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते त्यांना कळले नव्हते.

"आणताहेत," आजोबा घाईघाईने म्हणाले. "पराग आणताहेत, विहीणबाई."

"सवयीनंही आणतात चार दिवस," त्या म्हणाल्या. "खरं उद्या कळेल."

मग आजोबांनी विचारले, उद्या उघडाल तेव्हा मी आलो तर चालेल का. विहीणबाईंनी एकदा पेटीकडे पाहिले. त्यांचा चेहरा कठोर नव्हता, पण मऊही झाला नाही.

"पेटी तुमच्या अंगणात आहे, माश्या माझ्या होत्या," त्या म्हणाल्या. "पण आता ती तिची आहे, व्याहीबुवा. तिला विचारा. मीही विचारूनच येते."

आजोबांनी मुंगीला विचारले नाही. धीर झाला नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी पेटीपाशी गेल्या, तेव्हा ते मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहिले. तिथून त्यांना मुंगीची पाठ तेवढी दिसत होती. झाकण निघाले. एक चौकट वर आली, उन्हाकडे तिरपी झाली, परत खाली गेली. दुसरी वर आली. विहीणबाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या. तिसरी, तारेने बांधलेली, मुंगीने फार सावकाश उचलली आणि डोळ्यांजवळ नेली. ती इतका वेळ तशीच उभी राहिली, की आजोबा पायरीवरून अर्धे उठले.

"आहे," ती म्हणाली. मग मान न वळवता, पायरीपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात पुन्हा म्हणाली, "आजोबा, अंडी आहेत. उभी आहेत. अगदी आजची."

आजोबा खाली बसले. त्यांनी सुजलेला डोळा पुसला आणि दुसराही पुसला.

पेटी बंद करून मुंगी पायरीपाशी आली. डोक्यावरची जाळी काढून तिने काखेत धरली. सहा वर्षांपूर्वी ती हीच जाळी घालून त्यांच्या मागे धावायची, तेव्हा जाळी तिच्या गुडघ्यापर्यंत येई. ती त्यांच्याशेजारी बसली नाही, समोर उभी राहिली.

"तुमची पट्टी माझ्या पेटीजवळ आणायची नाही," ती म्हणाली.

"नाही आणणार."

"ती कापते. आपल्याला उघडायचं असतं."

"हो," आजोबा म्हणाले. मग जमिनीकडे बघत, शाळेत बाई मुलांना विचारतात तसे नव्हे, मुले बाईंना विचारतात तसे त्यांनी विचारले, "आणि तिची धार काढून टाकली तर?"

मुंगीने विचार केला. विहीणबाई अंगणात धुराडे विझवत होत्या. मुंगीने त्यांच्याकडे पाहिले, पण त्यांनी वर मान केली नाही. "मग बघू," ती म्हणाली.

पडवीत आजोबांचे धार लावायचे चाक होते, हाताने फिरवायचे. मुंगीने दांडा धरला. आजोबांनी फडक्यातून पट्टी काढली आणि दगडाला टेकवली. चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात आपोआप तिरपा झाला, आणि धार बोथट व्हायच्याऐवजी आणखी लागू लागली. त्यांनी पट्टी मागे घेतली, दोन्ही हातांनी सरळ धरली, टोक थेट दगडावर दाबले. चाक निराळ्याच आवाजात करकरले. ठिणग्या उडाल्या. हाताला काय करावे ते कळत नव्हते, तो सारखा जुन्या कोनाकडे वळू पाहत होता, आणि आजोबा त्याला दरवेळी ओढून सरळ करत होते. आरशासारख्या टोकावर राखाडी डाग पडला आणि पसरत गेला.

त्यांनी चाक थांबवायची खूण केली. पट्टी पाण्यात बुडवली, पुसली आणि मूठ मुंगीकडे करून पुढे केली.

मुंगीने अंगठा टोकावर ठेवला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तो सावकाश ओढला, मग पुन्हा, जरा दाबून. आजोबा तिच्या तोंडाकडे बघत होते.

"अजून," ती म्हणाली, पट्टी त्यांच्या हातात परत दिली आणि दांडा फिरवू लागली.